हरवलेला भाग शोधायचाय? आधी तारीख काढा

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेचे साठच्या दशकातले हरवलेले भाग ऑनलाइन कुठे मिळतील, हा प्रश्न जुन्या विज्ञानमालिकांच्या नादी लागलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी विचारला जातो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: व्हिडिओ शोधण्याआधी त्या भागाच्या प्रसारणाची तारीख काढा.

बीबीसीने 1967 ते 1978 या काळात या मालिकेच्या टेप पुसून पुन्हा वापरल्या आणि परदेशी विक्रीसाठी काढलेल्या 16 मिमी फिल्मही निकालात काढल्या. चित्र गेलं, पण आवाज, फोटो, कागद असं बरंच काही उरलं. ते वेगवेगळ्या ठिकाणी पडलंय आणि या सगळ्याला जोडणारा धागा म्हणजे तारीख.

तारखेसाठी बीबीसी प्रोग्राम इंडेक्स उघडा. याचं जुनं नाव जीनोम. ‘रेडिओ टाइम्स’ साप्ताहिकातल्या कार्यक्रमांच्या याद्या तिथे आहेत आणि भारतातूनही त्या दिसतात. ‘डॉक्टर’ऐवजी ‘डीआर’ हे लघुरूप टाकूनही शोधा. 1966च्या मध्यापर्यंत प्रत्येक भागाला स्वतंत्र नाव असे. त्यामुळे ‘गॅलक्सी 4’ हे अनेक भागांच्या कथेचं नाव शोधून काही हाती लागलं नाही, तर 11 सप्टेंबर 1965चं पान थेट उघडा. तिथे त्या कथेचा पहिला भाग ‘फोर हंड्रेड डॉन्स’ भेटेल. एक खोच लक्षात ठेवा: साप्ताहिक आधी छापलं जाई, त्यामुळे ऐनवेळचे बदल त्यात नसत. केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी दाखवलेला पहिला भाग 30 नोव्हेंबर 1963ला पुन्हा दाखवला गेला, तो असाच ऐनवेळी.

तारीख मिळाली की उरलेलं सोपं. ‘मार्को पोलो’ ही कथा घ्या: 22 फेब्रुवारी ते 4 एप्रिल 1964, सात भाग, एकही शिल्लक नाही. आवाज मात्र सातही भागांचा आहे, कारण घरोघरच्या चाहत्यांनी तो टीव्हीवरून रेकॉर्ड करून ठेवला होता. चित्रांसाठी जॉन क्यूरा यांचे टेलिस्नॅप पाहा. प्रसारण चालू असताना टीव्हीच्या पडद्याचे ते फोटो काढत आणि निर्मात्या-दिग्दर्शकांना विकत. ‘मार्को पोलो’चे टेलिस्नॅप लखनौत जन्मलेल्या दिग्दर्शक वारिस हुसेन यांनी जपून ठेवले होते. फक्त चौथ्या भागाचे नाहीत, कारण तो भाग दुसऱ्या दिग्दर्शकाचा.

‘सापडलेला भाग!’ म्हणून जे व्हिडिओ फिरतात ते बहुधा हे फोटो आणि तो आवाज जोडून चाहत्यांनी केलेली पुनर्रचना असते. ओळखायचं कसं? पंचवीस मिनिटांच्या भागाचे साधारण साठ-सत्तर फोटो, म्हणजे एकेक चित्र वीसेक सेकंद ठिय्या देऊन बसतं. मध्येच काही सेकंद खरी हालचाल दिसली, तर ती कदाचित ऑस्ट्रेलियन सेन्सॉरने कापलेली असेल. भाग गेले, पण मुलं घाबरतील म्हणून छाटलेले तुकडे सरकारी दप्तरात राहिले आणि 1996मध्ये चाहत्यांनी ते शोधून काढले. सेन्सॉरचे इतके उपकार दुसऱ्या कुठल्या मालिकेवर क्वचितच झाले असतील.

नव्वदच्या दशकातली चाहत्यांची वेबपानं हवी असतील तर वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात मूळ पत्ता जसाच्या तसा टाका. जिओसिटीज या तेव्हाच्या मोफत वेबपानांच्या सेवेवर विज्ञानकथावाल्यांची वस्ती ‘एरिया 51’ होती. त्यापुढचं उपवस्तीचं नाव आणि क्रमांकही पत्त्यात हवा. फोटो गायब दिसले तर कॅलेंडरमधली दुसरी तारीख निवडा, कारण पान आणि चित्रं वेगवेगळ्या दिवशी साठवलेली असू शकतात. अशा पानांवरच्या ‘डॉट रॅम’ फाइलमध्ये मात्र आवाज नसतो, फक्त तो कुठून वाजवायचा त्याचा पत्ता असतो. ती नोटपॅडमध्ये उघडा, आत ‘एचटीटीपी’चा पत्ता असेल तर तो पुन्हा वेबॅकमध्ये टाकून पाहा. ‘आरटीएसपी’ने सुरू होणारा असेल, तर तो आवाज वेबॅकमध्ये साठवलेला नसतो, नाद सोडा.