काचबिंदूवरचे उपचार: थेंब, लेसर आणि शस्त्रक्रिया – माझा अनुभव

काचबिंदूचं निदान झालं तेव्हा मला कसलाच त्रास नव्हता. डोळे दुखत नव्हते, लाल होत नव्हते, वाचनही व्यवस्थित चालू होतं. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून तपासायला गेले आणि डॉक्टरांनी डोळ्यातला दाब मोजला. उजव्यात २७, डाव्यात २४. साधारणपणे हा दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. पण त्यांना जास्त काळजी वाटली ती डोळ्याच्या मागच्या नसेची. उजव्या डोळ्याच्या नसेचा खळगा बराच खोल झाला होता, म्हणजे तिच्यातले तंतू आधीच मेले होते. "गेलेली नजर आणता येत नाही. आहे ती राखायची," असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. मला रडू आलं. पण हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे, कारण पुढचे सगळे निर्णय मला त्यामुळेच समजून घेता आले.

मग तपासण्या झाल्या. कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, जाडी मोजली, कारण तो पातळ असेल तर यंत्रावर दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि जाड असेल तर जास्त. ओसीटी म्हणजे डोळ्याच्या आतल्या थरांचं प्रकाशाने केलेलं स्कॅन, त्यात नसेच्या तंतूंचा थर मोजला. गोनिओस्कोपीसाठी डोळ्याला आरशाची भिंग टेकवली आणि आतलं पाणी जिथून बाहेर पडतं तो कोन उघडा आहे की अरुंद, ते पाहिलं. माझा कोन उघडा निघाला. अरुंद असता तर उपचारांचा रस्ताच वेगळा झाला असता: लेसरने बुबुळाच्या पडद्याला बारीक छिद्र पाडतात, काही जणांची नैसर्गिक भिंग काढून कृत्रिम बसवतात. म्हणून कुणा दुसऱ्याच्या काचबिंदूवर काय केलं हे ऐकून आपला इलाज ठरवू नये असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात दमवते ती फील्ड टेस्ट, म्हणजे नजर आजूबाजूला कुठवर पोचते याची तपासणी. एक डोळा झाकायचा, हनुवटी टेकवायची, पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात मधल्या दिव्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला ठिणगीएवढा प्रकाश दिसला की बटण दाबायचं. बराच वेळ काहीच दिसत नाही, मग छातीत धडधडायला लागतं. पहिल्या वेळी मी घाबरून अंदाजाने बटण दाबत होते. तंत्रज्ञ ताईंनी यंत्र थांबवलं आणि म्हणाल्या, "अहो, दिसणार नाही इतके मंद दिवे यंत्र मुद्दामच दाखवतं. निम्मे सुटले तरी चालतात. दिसेल तेवढंच दाबा, पापण्या मिटायला हरकत नाही." हे आधी माहीत असतं तर किती बरं झालं असतं! निकालाच्या कागदावर उजव्या डोळ्याच्या वरच्या भागात, नाकाच्या बाजूला काळा डाग होता. रोजच्या बघण्यात तो डाग मला कधीच जाणवला नव्हता. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो आणि उरलेलं मेंदू सांधून घेतो.

त्यानंतर डॉक्टरांनी प्रत्येक डोळ्यासाठी एक आकडा ठरवला. डाव्यासाठी १६ किंवा त्याखाली आणि नुकसान जास्त म्हणून उजव्यासाठी १२-१३. याला ते टार्गेट प्रेशर म्हणतात. थेंब असोत, लेसर असो की शस्त्रक्रिया, या सगळ्यांचं काम एकच, दाब खाली आणणं. स्वीडनमधल्या एका मोठ्या अभ्यासात दाब एका मिलिमीटरने उतरला तर आजार वाढण्याचा धोका साधारण दहा टक्क्यांनी घटतो असं दिसलं होतं. म्हणून प्रत्येक भेटीत मी "बरं आहे ना?" असं न विचारता "आज किती, आणि किती हवा?" असं विचारते. तुम्हीही विचारा. डॉक्टर नीट उत्तर देतात.

सुरुवात लॅटानोप्रोस्टने झाली. रात्री एक थेंब. पहिले काही आठवडे डोळे लालसर राहिले, पापण्यांचे केस लांब आणि दाट झाले. दाब १९ आणि १७ वर आला. चांगला उतरला, पण पुरेसा नाही. पुढची पायरी बहुतेकांसाठी टिमोलॉलची असते. मला लहानपणापासून दमा आहे, हे डॉक्टरांनी विचारून घेतलं होतं म्हणून ते टळलं. टिमोलॉल डोळ्यात टाकलं तरी रक्तात जातं. दमेकऱ्याचा श्वास अडकू शकतो, नाडीही मंदावते. "डोळ्याचंच तर औषध आहे" म्हणून दमा, हृदयाचा त्रास किंवा चालू गोळ्या सांगायच्या राहतात, तसं कृपा करून होऊ देऊ नका. मला ब्रिमोनिडिन दिलं. काही महिने छान गेले आणि मग पापण्या सुजून खाज सुटली. ॲलर्जी. ते बंद करून डॉर्झोलामाइड आलं. ते चुरचुरतं आणि घशात कडू लागतं, पण मला सोसलं.

थेंब टाकण्याची रीत कुणीतरी बसून शिकवायला हवी. मला परिचारिकेने शिकवली. खालची पापणी हलकेच ओढून खोबण करायची, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही, एकच थेंब. डोळ्यात एक थेंबही पुरता मावत नाही, दुसरा गालावरच ओघळतो. मग डोळा मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटं दाब द्यायचा, म्हणजे औषध नाकाच्या वाटेने घशात आणि रक्तात कमी जातं. दोन औषधांमध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्यायची. हा कोपरा दाबायला लागल्यापासून घशातला कडूपणा जवळपास गेला.

तरी उजवा १७ च्या खाली येईना. मग लेसर, एसएलटी, म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर पडण्याची वाट सुधारणारं लेसर. हे पहिलं पाऊल म्हणूनही घेता येतं हे मला तेव्हा कळलं. ब्रिटनमधल्या लाइट नावाच्या अभ्यासात, २०१९ साली, थेंबांऐवजी आधी लेसर केलेल्या रुग्णांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय ठरवलेल्या दाबात होते. निदान नवं असेल तर हा पर्याय डॉक्टरांशी जरूर बोला. प्रत्यक्षात ते सोपं होतं: सुन्न करणारे थेंब, डोळ्याला टेकवलेली भिंग, हिरवे लखलखाट आणि बारीक टकटक. काही मिनिटांत संपलं. तासाभराने दाब पुन्हा मोजला, कारण लेसरनंतर तो कधी तात्पुरता उसळतो. परिणाम यायला महिना-दीड महिना लागतो आणि काही वर्षांत तो ओसरूही शकतो, पण लेसर पुन्हा करता येतं. डावा १५ वर स्थिरावला, त्याला रात्रीचा थेंब तेवढा राहिला. उजवा १६ वर अडला आणि पुढच्या फील्ड टेस्टमध्ये डाग मधल्या भागाकडे सरकलेला दिसला.

तेव्हा शस्त्रक्रियेचं बोलणं निघालं. डॉक्टरांनी सगळे पर्याय मांडले. बारीक स्टेंटच्या, म्हणजे पाण्याला वाट देणाऱ्या इवल्या नळीच्या, नव्या शस्त्रक्रिया सुरक्षित असल्या तरी दाब माफक उतरवतात, माझ्या उजव्या डोळ्याला तेवढं पुरणार नव्हतं. झडपेची नळी बसवणं हा मार्ग त्यांनी पुढच्यासाठी राखून ठेवला. ठरली ती ट्रॅबेक्युलेक्टॉमी. यात डोळ्याच्या पांढऱ्या भागात झाकणासारखा पापुद्रा उचलून पाण्याला नवी वाट देतात. ते पाणी वरच्या पापणीखाली एका फुगवट्यात जमतं, त्याला ब्लेब म्हणतात. जखम भरून वाट बुजू नये म्हणून मायटोमायसिन लावतात.

शस्त्रक्रियेत दुखलं नाही. खरी कसोटी नंतरची होती. दाब ६ पर्यंत घसरला, नजर कित्येक आठवडे धूसर होती आणि मला सारखं वाटायचं की होती तीही नजर गेली. स्टिरॉइडचे थेंब दिवसभर, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळा चोळायचा नाही. मग दाब चढू लागला तेव्हा डॉक्टरांनी त्या पापुद्र्याचा एक टाका लेसरने सैल केला. या काळातल्या वारंवार तपासण्या शस्त्रक्रियेइतक्याच मोलाच्या असतात, एकही चुकवू नये. हळूहळू धूसरपणा गेला आणि दाब ११ वर थांबला.

ब्लेबची काळजी मात्र कायमची. डोळा लाल झाला, चिकट स्राव आला, दुखलं किंवा नजर अंधुक झाली तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, कारण तिथला संसर्ग आत पसरू शकतो. बहिणीला मी तपासून घ्यायला लावलं, कारण सख्ख्या नात्यात काचबिंदूचा धोका वाढतो. तिचा दाब आणि नस ठीक आहे, दरवर्षी दाखवायला सांगितलंय.

आता उजव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढतोय. ट्रॅबेक्युलेक्टॉमीनंतर तो लवकर वाढतो हे मला आधी सांगितलं होतं. तो काढताना ब्लेबचं काम मंदावण्याची भीती असते, म्हणून डॉक्टरांना घाई नको आहे. वाचायला अडेल तेव्हा काढायचा, असं आमचं ठरलंय.