आज नाव हिरवं दिसून नाही राहिलं

सकाळी सव्वासातला फोन आला. नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका आडत्याकडची ऑपरेटर ताई बोलत होती. "भाऊ, 'पट्टी' टाकलं तर कमांड सापडत नाही म्हणते. आन् आज नाव हिरवं दिसून नाही राहिलं." दुसरं वाक्य मी कानाआड केलं. आठ-दहा दिवस झाले, अजून तेच डोक्यात फिरतंय.

फेब्रुवारीचे दिवस, तुरीची आवक जोरात. माल तोलून झाला की शेतकऱ्याच्या हातात हिशेबपट्टी पडावी लागते: वजन, भाव, हमाली, तोलाई आणि उरलेली रक्कम. ती छापणारा प्रोग्राम आम्ही सांभाळत असलेल्या उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर आहे. काउंटरवरचे सगळे एकाच खात्याने एसएसएचवरून, म्हणजे दुरून लॉगिन करून, आत येतात आणि 'पट्टी' टाइप करतात. टाइप केलेल्या कमांड चालवतं ते शेल, आणि इथलं शेल बॅश. 'पट्टी' हे मी त्याच्या .बॅशआरसी या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलेलं फंक्शन, म्हणजे घरी बनवलेली कमांड. डेटा कुठे ठेवलाय ते सांगणारं व्हेरिएबल .प्रोफाइल या दुसऱ्या फाइलमध्ये.

मी तासभर प्रोग्रामच उलटापालटा करत बसलो. डिस्क भरली का, परवानग्या बदलल्या का. पूर्ण पाथ (फाइलचा पत्ता) देऊन चालवला तर तो सुरू व्हायचा आणि डेटाचं फोल्डर सापडत नाही म्हणून बंद पडायचा. आदल्या संध्याकाळी त्याच खात्यात सहकाऱ्याने काम केलं होतं, म्हणून त्याला विचारलं. तो म्हणाला, "माझ्याकडे चालतंय." या उत्तराची मला मनापासून चीड आहे. पलीकडे माणसं ताटकळलेली असताना आपल्याकडे चालतंय याचा उपयोग काय? पण त्याच्याकडे खरंच चालत होतं. एका लॉगिनमध्ये अनेक विंडो चालू ठेवणारा 'स्क्रीन' नावाचा प्रोग्राम त्याच्याकडे कालपासून उघडा होता. त्यात त्याने नवी विंडो उघडून दाखवली.

मग शेल कोणत्या नावाने सुरू झालंय ते दाखवणारी 'इको डॉलर शून्य' ही कमांड दोन्हीकडे देऊन पाहिली. त्याच्या विंडोत आलं '/बिन/बॅश', माझ्या ताज्या लॉगिनमध्ये '-बॅश'. पुढची ती बारीक आडवी रेघ म्हणजे हे लॉगिन शेल, लॉगिन करताना सुरू होणारं. आणि तेव्हा कुठे नजर प्रॉम्प्टवर, म्हणजे टाइप करायच्या जागेआधीच्या मजकुरावर, गेली. त्याच्याकडे खात्याचं नाव हिरवं, माझ्याकडे साधं पांढरं. तासभर मी त्याच पांढऱ्या नावापुढे टाइप करत होतो. तो हिरवा रंग .बॅशआरसीतून येतो. ताईने पहिल्याच दमात सांगितलं होतं की ती फाइल वाचली जात नाहीये, फक्त तिच्या शब्दांत.

लॉगिन शेल म्हणून सुरू झालेलं बॅश आधी /ईटीसी/प्रोफाइल वाचतं. मग होम फोल्डरमध्ये .बॅश_प्रोफाइल, .बॅश_लॉगिन, .प्रोफाइल या क्रमाने शोधतं आणि वाचता येणारी पहिली फाइल मिळाली की पुढच्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. उबुंटू नव्या खात्याला यातली फक्त .प्रोफाइल देतं, आणि .बॅशआरसीला बोलावणारी फाइल तीच. आदल्या संध्याकाळी सहकाऱ्याने एक टूल टाकलं. त्याच्या इन्स्टॉलरने पाथची एक ओळ लिहायची म्हणून .बॅश_प्रोफाइल नव्याने तयार केली. झालं! जुन्या दोन्ही फायली जागच्या जागी, एक अक्षर इकडचं तिकडे नाही, आणि दोन्ही मुक्या. सहकाऱ्याची स्क्रीन त्याआधीची, म्हणून व्हेरिएबल तिच्याकडे होतंच. नवी विंडो लॉगिन शेल नव्हती, म्हणून .बॅशआरसी थेट वाचली गेली.

दुसऱ्याच्या खात्यात फाइल तयार करण्याआधी तिथे आधीच काय नांदतंय हे इन्स्टॉलर लिहिणाऱ्याने पाहायला नको? ते पाहणं दोन ओळींचं काम आहे.

नव्या फाइलच्या सुरुवातीला '.प्रोफाइल असेल तर ती वाच' एवढी एक ओळ घातली. पण दुकानाचा गल्ला एका .बॅशआरसीवर टांगून ठेवला होता तो मीच. आता 'पट्टी' /यूएसआर/लोकल/बिनमधलं स्क्रिप्ट आहे, डेटाचा पत्ता त्याच्या पोटात.

ओळ घालून ताईला फोन लावला. म्हटलं, "बाहेर पडून परत लॉगिन करा. हिरवं आलं का?"

"आलं न भाऊ." मागे प्रिंटरची घरघर सुरू झालेली ऐकू येत होती. नाव हिरवं नाही हे सगळ्यात आधी केव्हा दिसलं, असं मी विचारायला गेलो.

"अकरा जण उभे आहेत भाऊ. पहिले त्यांच्या पट्ट्या काढू द्या, मग बोलू."