तुम्ही विचारलंत म्हणून: क्वार्टरबॅक बदलला की टीमचा खेळच का बदलतो?

ओहायो राज्यातल्या कोलंबसला राहायला आलेला माणूस पहिली थंडी पडायच्या आत ओहायो स्टेटच्या, म्हणजे इथल्या युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या, नादी लागतो. मग मंडळाच्या एखाद्या कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत, कोणीतरी मला गाठतंच. आमच्याकडे मला ‘फुटबॉलवाल्या काकू’ म्हणतात, त्यामुळे सुटका नसते. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, क्वार्टरबॅकबद्दल, म्हणजे बॉल हातात आला की तो फेकायचा, कोणाला द्यायचा की घेऊन पळायचं हे ठरवणाऱ्या गड्याबद्दल: "काकू, कोच तोच, पास झेलणारे रिसीव्हर तेच. मग एकटा क्वार्टरबॅक बदलला तर अख्खी टीम वेगळीच कशी काय खेळायला लागते? कोच नवं प्लेबुक, म्हणजे चालींचं पुस्तक, आणतो का?"

आणत नाही. त्याला तेवढा वेळच नसतो. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे सीझन चालू असताना पोरांकडून आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही, आणि त्यात सराव, मीटिंगा, व्यायाम सगळं आलं. शिवाय पोरं अठरा ते बावीसची. एक जरा तयार झाला की एनएफएलला, म्हणजे व्यावसायिक लीगला, जातो, नाहीतर हल्ली सरळ दुसऱ्या कॉलेजात. पुस्तक तेच राहतं. त्यातली कुठली पानं उघडायची हे बदलतं, आणि बदलतं ते एका साध्या गणितामुळे: समोरच्या डिफेन्सला, म्हणजे अडवणाऱ्या टीमला, क्वार्टरबॅकला पळणारा गडी म्हणून मोजावं लागतं की नाही?

झोन रीड नावाचा प्ले (चाल) बघा, म्हणजे लक्षात येईल. बॉल क्वार्टरबॅकच्या हातात येतो. शेजारून रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा गडी, तिरका धावत येतो. क्वार्टरबॅक बॉल त्याच्या पोटाशी टेकवतो, पण सोडत नाही. क्षणभर त्या बॉलवर दोघांचेही हात असतात. आणि क्वार्टरबॅकची नजर बॉलवर नसतेच. ती असते लाइनच्या टोकाला उभ्या असलेल्या डिफेन्सिव्ह एंडवर. त्याला मुद्दाम कोणी अडवलेलं नसतं. तो एंड रनिंग बॅकच्या रोखाने आत वळला, की बॉल मागे खेचायचा आणि त्याने सोडलेल्या जागेतून स्वतः पळायचं. तो जागीच थांबला, की बॉल देऊन टाकायचा. सगळा मामला एका सेकंदाच्या आतला. एका धिप्पाड गड्याला हातही न लावता निकालात काढलं, म्हणजे त्याच्या वाटणीचा लाइनमन (पुढच्या ओळीतला आपला अडवणारा गडी) दुसऱ्या कोणाला तरी अडवायला मोकळा. याचं श्रेय बरेच जण रिच रॉड्रिग्जला देतात, 1990 च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट या छोट्याशा कॉलेजात तो कोच होता तेव्हाचं.

पण त्या एंडला ठाऊक असेल की हा क्वार्टरबॅक काही पळायचा नाही, तर? तर तो बिनधास्त रनिंग बॅकवर तुटून पडतो. बॉल देऊन क्वार्टरबॅक नुसता बघत उभा, म्हणजे इकडे दहा आणि तिकडे अकरा. हा अकरावा गडी कुठून भरून काढायचा, याचीच प्रत्येक कोच आपापल्या परीने सोय लावत असतो.

माझं लाडकं उदाहरण 2014 चं, आणि ते मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. ऑगस्टमध्ये, सीझन सुरू व्हायच्या आधीच, ब्रॅक्स्टन मिलरचा खांदा गेला. जागी आला जे. टी. बॅरेट, नवाकोरा. दुसऱ्याच सामन्यात व्हर्जिनिया टेककडून घरच्या मैदानावर 35-21 असा मार खाल्ला आणि गावात सुतक पडलं. मग हळूहळू पोरगं रुळलं. त्याचा हात काही तोफ नव्हता, पण डोकं थंड आणि निर्णय झटपट. म्हणून त्याला निर्णय घ्यायला लावणारे प्ले दिले: झोन रीड, आखूड पास, परत झोन रीड. पास फेकून 34 टचडाऊन (बॉल शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मिळवणं), स्वतः पळून 11. आणि मिशिगनच्या सामन्यात (त्या आठवड्यात आमच्याकडे युनिव्हर्सिटीच्या पाट्यांवरच्या ‘एम’ अक्षरावर लाल फुल्या मारतात, खोटं नाही सांगत) त्याचा घोटा मोडला.

राहिला तिसऱ्या नंबरचा कार्डेल जोन्स. उंची सहा फूट पाच इंच, वजन 110 किलोच्या वर, हात म्हणजे गोफण. पुढचा सामना आठवड्यावर, तोही विस्कॉन्सिनशी, कॉन्फरन्सच्या अजिंक्यपदासाठी. मुख्य कोच अर्बन मेयर आणि त्याचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (ऑफेन्सचे, म्हणजे हल्ल्याचे, प्ले बघणारा कोच) टॉम हर्मन यांनी काय केलं असेल? कार्डेलला बॅरेट बनवायच्या भानगडीत पडले नाहीत. क्षणोक्षणी वाचून ठरवायचे प्ले कमी केले आणि रिसीव्हर डेव्हिन स्मिथला सरळ लांब पळायला सांगितलं. कार्डेलने त्याला तीन टचडाऊन फेकली, तिन्ही चाळीस यार्डांच्या आसपासची. एकदा असा फटका बसला की सेफ्टी, म्हणजे डिफेन्सचे सगळ्यात मागे उभे असलेले गडी, आणखी मागे सरकतात, नाहीतर डोक्यावरून बॉल जातो. ते मागे गेले की मधे रान मोकळं, आणि त्या रानात आमचा रनिंग बॅक एझिकिएल एलियट. बॅरेट एंडला पायांनी धाकात ठेवायचा, कार्डेलने सेफ्टीला हाताने ठेवलं. विस्कॉन्सिनविरुद्ध 59-0, अलाबामाविरुद्ध 42-35, आणि 12 जानेवारी 2015 ला ओरेगॉनला 42-20 हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद. एलियटचे यार्ड ओळीने 220, 230, 246. आणि हो, एक-दोन यार्डच हवे असले की कार्डेलच बॉल घेऊन घुसायचा. ते देखणं नव्हतं, पण त्याला एकट्याने खाली पाडणारा गडी सहज मिळत नव्हता.

आता गंमत बघा. 2015 मध्ये दोघेही फिट. लोक म्हणाले, सोन्याहून पिवळं. हर्मन तेवढा ह्यूस्टनचा कोच होऊन गेला होता. सुरुवातीचे सामने कार्डेल, मधेच गोललाइनजवळ आले की जे. टी., मग जे. टी. पूर्णवेळ. ऑफेन्स ना याचं राहिलं ना त्याचं. मिशिगन स्टेटकडून घरी 17-14 असे हरलो, त्या दिवशी एलियटच्या हातात बॉल फक्त 12 वेळा दिला होता. माझा अजून जीव जळतो. दोन चांगले क्वार्टरबॅक असणं ही श्रीमंती आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो सीझन बघावा.

पुढे 2018 ला आला ड्वेन हॅस्किन्स. पळायचं नावच नको, पण हात असा की बघत राहावं. कोच रायन डेने त्याच्यासाठी तोच अकरावा गडी वेगळ्या वाटेने भरून काढला. एंडऐवजी लाइनबॅकर (डिफेन्सच्या पुढच्या ओळीमागे उभा असलेला गडी) वाचायचा: तो पुढे आला तर त्याच्या मागच्या रिकाम्या जागेत पटकन पास, मागे गेला तर बॉल रनिंग बॅकला. याला आरपीओ, म्हणजे रन-पास ऑप्शन, म्हणतात. कॉलेजात हे जास्त पिकतं, कारण इथे पास जायच्या आधी लाइनमन तीन यार्ड पुढे गेलेला चालतो, एनएफएलमध्ये एकच. हॅस्किन्सने त्या वर्षी 50 टचडाऊन फेकली. किंमत कोणी मोजली? रनिंग बॅक जे. के. डॉबिन्सने. त्याचे त्या वर्षीचे यार्ड 1,053. पुढच्या वर्षी पळणारा जस्टिन फील्ड्स आला आणि त्याच डॉबिन्सचे झाले 2,003. बॉलही जास्त वेळा मिळाला, मान्य. पण त्या टोकाच्या एंडला पुन्हा दोन माणसांची काळजी करावी लागत होती, हेही खरं. त्याआधी, हॅस्किन्सच्याच वर्षी, मेरीलँडने एकदा इतकं कोंडीत पकडलं की हॅस्किन्सला स्वतः पळून तीन टचडाऊन करावी लागली, तेव्हा कुठे 52-51 असे वाचलो.

एकच प्ले तीन माणसांना कसा बेतायचा, हे बघायचं असेल तर कोच लिंकन रायलीचं ओक्लाहोमा. त्याचा आवडता काउंटर: गार्ड आणि टॅकल हे दोन लाइनमन आपली जागा सोडून दुसऱ्या बाजूला धावत जातात आणि वाट काढतात. क्वार्टरबॅक बेकर मेफील्ड होता तेव्हा त्या वाटेने रनिंग बॅक जायचा. कायलर मरे आला तेव्हा दोघांपैकी कोण जाणार हे डिफेन्सला कळेना. जेलन हर्ट्स आला तेव्हा तोच बॉल घेऊन घुसू लागला. 2017, 2018, 2019 या तीन वर्षांत तिघांचे पळण्याचे यार्ड अनुक्रमे 311, 1,001 आणि 1,298. (हे आकडे वाचताना एक ध्यानात ठेवा: कॉलेजात क्वार्टरबॅकला मागे पाडलं की ते यार्ड त्याच्या पळण्यातून वजा होतात. म्हणजे तिघेही प्रत्यक्षात याहून जास्त पळाले.) पहिल्या दोघांना हाइझमन, म्हणजे कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी, मिळाली, हर्ट्स दुसरा आला.

त्या वर्षी पहिला कोण? जो बरो. आमच्याच राज्यातला, अथेन्सचा. इथे बॅरेटच्या मागे बाकावर बसला, मग हॅस्किन्सपुढे जागा दिसेना म्हणून 2018 ला एलएसयूला (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) गेला. तिथलं पहिलं वर्ष बेताचं, 16 टचडाऊन. मग एनएफएलच्या सेंट्सकडून जो ब्रेडी नावाचा तरुण कोच आला, आणि तिथला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर स्टीव्ह एन्समिंगरबरोबर त्याने पाच-पाच जण पास घ्यायला पसरवून टाकले, रनिंग बॅकसुद्धा. डिफेन्स पसरलं की कोण मोकळा हे बरोला बॉल हातात यायच्या आधीच दिसायचं. 2019 ला 60 टचडाऊन. इथे क्वार्टरबॅक तोच होता, त्याला साजेसं ऑफेन्स मिळायला एक वर्ष लागलं.

यावर कोणीतरी हमखास विचारतं, मग आर्मी-नेव्हीचं, म्हणजे लष्कर आणि नौदलाच्या अकादमींच्या टीमचं, काय? त्यांचा कारभार उलटा असायचा. त्यांच्याकडे ट्रिपल ऑप्शन (क्वार्टरबॅकने डिफेन्स वाचून बॉल तिघांपैकी कोणी न्यायचा हे ठरवायचं) वर्षानुवर्षं ठरलेलं असायचं, क्वार्टरबॅक त्याच्या मापाचा शोधायचा. नेव्हीच्या कीनन रेनॉल्ड्सने 2012 ते 2015 या चार सीझनमध्ये पळून 88 टचडाऊन केली. 2016 मध्ये एनएफएलच्या बाल्टिमोर रेव्हन्सने त्याला ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) घेतलं, ते रिसीव्हर म्हणून.