तुम्ही विचारलंत म्हणून : हा डबा अजून चालतो कसा?

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी कोणीही आलं की टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या काळ्या कॅबिनेटकडे बघतं आणि विचारतं, "काका, हा डबा अजून चालतो? आमचाही असाच आहे. पैसे घालावेत का त्यात, की नवाच घ्यावा?" उभ्या उभ्या उत्तरं देऊन कंटाळलो, म्हणून एकदाचं लिहून काढतो.

डबा 2013चा, मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला. इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, एच-61 मदरबोर्ड, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. मुलगी पुण्याला गेली आणि डबा माझ्या वाट्याला आला. गणपतीचे हिशेब, मराठी टायपिंग, फोटो, एवढंच माझं काम. तरी दोन वर्षांपूर्वी अशी वेळ आली की बटण दाबून मी चहा ठेवायचो, गाळून कप घेऊन यायचो, आणि पडद्यावर ते गोल अजून फिरतच असायचं.

एका दुकानदारानं झाकणही न उघडता निकाल दिला, "अंकल, इसको कबाड़े में दो, पैंतीस हजार में नया बना देता हूँ." मी घरी येऊन आधी झाकण काढलं. प्रोसेसरच्या पंख्याखाली धूळ नमद्यासारखी दाटून बसली होती. पंखा उचलला तर थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर पोचवणारं मलम, वाळून चुन्याची पपडी झालेली. पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली. पंख्याची घरघर तिथल्या तिथे थांबली, पण गोल फिरायचं थांबेना.

सगळे बोल प्रोसेसरला लावतात. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून बघा: प्रोसेसर दहा-पंधरा टक्क्यांवर निवांत, डिस्क शंभर टक्क्यांवर. पंगत बसलीय, स्वयंपाक तयार आहे, वाढपी मात्र एकटा आणि म्हातारा. साधी हार्ड डिस्क मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे एका फेरीला सव्वाआठ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी जाते, हेड सरकायचा वेळ वेगळा. विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीकसारीक फायली वाचते. एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या नव्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नसतंच. तिला एका शोधाला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा पुरतो.

आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून 240 जीबीची एसएसडी आणली, अठराशेला. तिथं एकानं सांगितलं, एच-61वर जुनं सॅटा (डिस्क जोडायची जोडणी) आहे, फायदा नाही. अर्धं खरं आहे. सेकंदाला पाचशे एमबीऐवजी अडीचशेच्या आसपासच मिळतात. पण मला त्रास होता शोधाशोधीचा, तो तर गेलाच ना! अडीच इंची एसएसडी कॅबिनेटच्या साडेतीन इंची खणात बसेना, म्हणून दुहेरी टेपनं चिकटवली. तिच्यात हलणारं काही नाही, चालतं. जुनी डिस्क फोटोंसाठी तशीच ठेवली.

रॅमच्या बाबतीत मात्र मी बावळटपणा केला. घाईत डीडीआर4ची, म्हणजे नव्या पिढीच्या रॅमची पट्टी घेऊन आलो. खाच जुळेना. मी अंगठ्यानं जोर लावणार, तोच ही ओरडली, "अहो, मोडाल!" मोडलीच असती. दुकानदारानं हसत बदलून डीडीआर3ची वापरलेली चार जीबी दिली, सातशेला. ती लावली तर मशीन नुसतं बीप-बीप करायला लागलं. पट्ट्या काढून सोनेरी टोकं शाळेच्या खोडरबरानं घासली आणि गप्प झालं. हा उपाय पैसे देऊन माणूस बोलवण्याआधी जरूर करा. तारीख रोज मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल बदला, बस.

त्याच सॉकेटमध्ये तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह बसतो, पण मी नाही घेतला. हिशेबाच्या वह्यांना कशाला? ग्राफिक कार्ड तर नाहीच, त्यासाठी बऱ्याचदा आधी एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा खोका) बदलावा लागतो आणि स्वस्त एसएमपीएस बाकीचं सगळं घेऊन जळू शकतो. तुमची रॅम डीडीआर2 असेल, किंवा मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले असतील, तर एक पैसा घालू नका.

आता विंडोजचं. विंडोज 10चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला आणि 11ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते. माझ्या डब्यात दोन्ही नाही. काही जण युक्त्या करून 11 घालतात, मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाकली. मराठी टायपिंगचा इन्स्क्रिप्ट की-बोर्ड त्यात आहेच, हिशेब लिब्रेऑफिसमध्ये होतात. टॅली विंडोजचंच, म्हणून टॅलीवाल्यांनी मात्र माझ्या नादी लागू नये.

एकूण खर्च तीन हजारांच्या आत. तक्रार आहे ती फक्त हिची. बटण दाबून गॅसपर्यंत पोचायच्या आत पडदा तयार असतो आणि मी तिथूनच माघारी फिरतो. परवा म्हणाली, "डबा बिघडला होता तेव्हा सकाळचा चहा तरी तुम्ही करायचात."