श्रुती हासनची आठवण
आज संध्याकाळी नाशिकच्या कालिदास नाट्यगृहात गाण्याच्या कार्यक्रमाला गेलो होतो, एका मुलीला स्टेजवर बोलवताना निवेदकाने आधी तिच्या वडिलांचंच कौतुक केलं, वडील ऑर्केस्ट्रात गाणारे, नाशकात बरेच जण ओळखतात, आणि तिचं नाव अगदी शेवटी घाईघाईत. पोरीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून घट्ट धरलं होतं, पहिली ओळ जरा हलली पण अंतऱ्यात वरचा सा असा लावला ना की मागच्या रांगेतल्या गप्पा बंद!

तेव्हापासून डोक्यात श्रुती हासन आहे. कमल हासनची मुलगी, तिला काय कमी, असं सगळे म्हणतात. अहो पण लहानपणीच तिने वडिलांच्या 'तेवर मगन' या तमिळ सिनेमात गाणं गायलं, पुढे कॅलिफोर्नियात जाऊन संगीत शिकली, २००९ ला वडिलांच्याच 'उन्नैपोल ओरुवन'ला संगीत दिलं. आडनावाने दार उघडलं, मान्य आहे. पण त्याच वर्षी हिरोईन म्हणून केलेला 'लक' पडला, तेलुगूतही सुरुवातीला काही जमेना, आडनाव तेव्हाही तेच होतं की! २०१२ ला 'गब्बर सिंग' आला तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

मला तर अभिनयापेक्षा तिचं गाणंच जास्त आवडतं, आवाज जाडसर आहे आणि ती तो उगाच गोड करायला जात नाही. आता स्वतःची इंग्रजी गाणीही करते. ऐकली नसतील तर खरंच ऐका.