सुबाभळीचं जळण : लावण्यापासून वाळवण्यापर्यंत

सुबाभूळ भराभर वाढते, एवढ्याच भरवशावर मी अर्ध्या एकरावर जळणासाठी लागवड केली. मीटरभर अंतरावर, साधारण २,००० रोपं. बियांचं कवच टणक, म्हणून त्या कढत पाण्यात काही मिनिटं बुडवून मग रात्रभर साध्या पाण्यात भिजवल्या. उगवण चांगली झाली. पण पहिले काही महिने रोपं हलेनातच. कोवळं रोप आधी मुळं धरतं आणि तेवढ्यात गवत त्याच्या डोक्यावर जातं. त्या वर्षी तीनदा खुरपणी केली. ती टाळली असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

तिसऱ्या वर्षी पहिली तोड. रानाचे तीन भाग पाडले, दर वर्षी एकच भाग तोडायचा, म्हणजे जळण कधी खंडत नाही. जमिनीपासून वीतभर खुंट ठेवला आणि पाणी साचू नये म्हणून काप तिरका घेतला. खुंटाला डझनभर धुमारे फुटले, त्यातले जोमदार दोन-तीन ठेवून बाकीचे काढले. खाली मुळं तयार असल्यामुळे ही फूट मूळ रोपापेक्षा कितीतरी वेगानं वाढली. पाला मात्र रानातच पसरला, कारण नत्राचा मोठा वाटा त्यात असतो. शेंगा पिकण्याआधी तोड करणंही गरजेचं, नाहीतर सुबाभूळच तण होऊन बसते.

खरी चूक पुढे झाली. पंपाचं इंजिन गॅसिफायरवर, म्हणजे लाकडापासून जळाऊ वायू करणाऱ्या भट्टीवर, चालवायचं होतं आणि मी घाईनं ओलीच लाकडं घातली. ओल्या लाकडाची उष्णता पाणी उडवण्यातच खर्च होते, भट्टी पुरेशी तापत नाही आणि न जळलेलं डांबर थेट वायूसोबत पुढे जातं. नळ्या चिकटून बसल्या, दोन दिवस खरवडत होतो.

मग शहाणपण सुचलं. एका तुकड्याचा नमुना ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवला. निम्मं वजन पाण्याचं निघालं! म्हणजे १० किलो ताज्या लाकडात सुकं लाकूड ५ किलो, आणि ओलावा २० टक्क्यांवर आणायचा तर ते सव्वासहा किलोवर उतरायला हवं. तेव्हापासून लाकूड ओलं असतानाच फोडतो, जमिनीपासून उचलून मोकळं रचतो, वरून झाकतो पण बाजूंनी वारा खेळू देतो. ताजं असताना १० किलो भरलेलं खुणेचं एक लाकूड दर आठवड्याला तोलतो. काटा सव्वासहावर आला की गॅसिफायर पेटवतो.