ती रडली नाही, म्हणून?

मी फौजदारी वकिली करते हे कळलं की कुणी ना कुणी विचारतंच. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर. "मॅडम, नवरा गेला आणि ती बाई रडलीसुद्धा नाही. अख्ख्या गल्लीला कळलं, मग कोर्टाला कसं कळत नाही?" गावं बदलतात, माणसं बदलतात, प्रश्न तोच असतो. आता तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

ती रडली नाही हे कोर्टासमोर येतं. आरोपीचं घटनेआधीचं आणि नंतरचं वागणं पुराव्याच्या कायद्यानुसार विचारात घेता येतं. पण गल्ली त्या न रडण्याचा एकच अर्थ लावते आणि मोकळी होते. कोर्टाला मात्र तिथेच थांबून विचारावं लागतं, की या वागण्याचा दुसरा काही अर्थ निघतो का? प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसेल आणि सगळा खटला परिस्थितीवर उभा असेल, तर हा प्रश्न टाळताच येत नाही. पुण्यात एका नवविवाहितेचा विषाने मृत्यू झाला होता. त्या प्रकरणात, म्हणजे शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली अशा पुराव्याच्या पाच कसोट्या सांगितल्या आणि त्यांना पंचशील म्हटलं. त्यांचं सार असं: प्रत्येक दुवा सिद्ध झाला पाहिजे, साखळी पूर्ण हवी, आणि आरोपी निर्दोष असण्याची कुठलीही रास्त शक्यता शिल्लक राहता कामा नये. त्या खटल्यात आत्महत्येची शक्यता शिल्लक राहिली. खालच्या दोन्ही न्यायालयांनी दोषी ठरवलेला पती सुटला. लोकांना हे पटणं अवघड आहे, मला कळतं. पण "असंच झालं असणार" आणि "असंच झालं" यांच्यामध्ये एका माणसाचा जीव असतो.

"तो मुळातच तसला आहे हो," हेही नेहमी ऐकते. फौजदारी खटल्यात आरोपीचा पूर्वीचा वाईट लौकिक साधारणपणे सरकारी पक्षाला पुढे करता येत नाही. आरोपीने स्वतःच आपल्या चांगुलपणाचा पुरावा दिला, तर गोष्ट वेगळी. घरात आपण नेमकं उलटं करतो: आधी माणूस ठरवतो, मग त्याने काय केलं असेल ते ठरवतो.

या धंद्यात मला सर्वात मोलाचा वाटतो तो १९८३ सालचा एक निकाल, राणा प्रताप विरुद्ध हरियाणा राज्य. डोळ्यांसमोर खून होत असताना साक्षीदार मदतीला धावले नाहीत, म्हणून ते खोटे, असा युक्तिवाद होता. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी तो फेटाळला. खून पाहणारा प्रत्येक जण आपापल्या परीने वागतो, असं त्यांनी लिहिलं. कुणी सुन्न होऊन जागीच खिळतो, कुणी टाहो फोडतो, कुणी जीव घेऊन पळतो, कुणी हल्लेखोरावर धावूनही जातो. यात ठरलेला नियम नाही. पळून जाण्याचंही तसंच. आरोपी फरार झाला म्हणजे गुन्हा त्यानेच केला, असं त्या एका गोष्टीवरून कोर्ट ठरवत नाही, कारण पोलिसांच्या धाकाने निरपराध माणूसही गाव सोडतो. खेड्यात राहिलेल्या कुणालाही हे सांगायला नको.

म्हणजे कायदा माणसाला नेहमी जास्त ओळखतो, असं मी म्हणत नाही. देसाईगंजचं प्रकरण वाचलं की आजही माझा संताप होतो. २६ मार्च १९७२ च्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार होती, आरोपी दोन पोलीस. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं. भीतीपोटी हतबल होणं म्हणजे संमती नव्हे, ही उच्च न्यायालयाची भूमिका होती. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अंगावर जखमा नाहीत. भाऊ आणि सोबतची माणसं जवळ असताना तिने त्यांना हाक मारली नाही. मुकाट्याने मागे गेली. म्हणून जबरदस्ती नाही. रात्रीची वेळ, पोलीस ठाणं, समोर वर्दी, आणि जिच्या मागे कुणी नाही अशी पोर. तिने ओरडायला हवं होतं हे कुठल्या अनुभवावरून ठरलं? इथे न्यायालय कायद्याच्या शिस्तीने चाललंच नाही. ते गल्लीसारखं बोललं: खरी असती तर ओरडली असती.

उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायद्याच्या अभ्यासकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. १९८३ साली कायदा बदलला: पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने ती नव्हती असंच धरायचं. २०१३ साली आणखी स्पष्ट झालं, की केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती ठरत नाही. आताच्या भारतीय न्याय संहितेतही ते आहे.

तरी उलटतपासात "मग ओरडली का नाहीस?" हा प्रश्न अजून येतो. मी आरोपींच्या बाजूने उभी राहते, त्यांचा बचाव पूर्ण ताकदीने करते. वेळ, अंतर, वैद्यकीय अहवाल, जबाबातली विसंगती, जे धरता येईल ते धरते. तो एक प्रश्न मी विचारत नाही, आणि माझ्या हाताखालच्या ज्युनिअरलाही विचारू देत नाही.